कृपेला साठ दिवसांची नोटीस

मध्य प्रदेशात कुणाला धर्म बदलायचा असेल, तर त्याने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, असं 2021 चा इथला धार्मिक स्वातंत्र्य कायदा सांगतो. इंदूरकरांसाठी याचा अर्थ मोती तबेल्यातली कलेक्टर कचेरी. निवेदनाचा मजकूर थोडक्यात असा : मी हे स्वतःच्या इच्छेने करतो आहे, माझ्यावर बळजबरी नाही, दबाव नाही, मला कुणी प्रलोभन दाखवलेलं नाही. विधी करणाऱ्या धर्मगुरूनेही तेवढेच दिवस आधी वेगळी सूचना द्यायची. ती दिली नाही तर त्याला तीन ते पाच वर्षं कैद. नोव्हेंबर 2022 मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने हे कलम प्रथमदर्शनी घटनाबाह्य दिसतं असं म्हटलं आणि स्वेच्छेने लग्न करणाऱ्या सज्ञान नागरिकांवर त्याखाली खटले भरू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. कलम पुस्तकातून मात्र गेलेलं नाही, आणि त्यामागची समजूत तर मुळीच गेलेली नाही.

या कायद्यावर आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक राजकीय असते. कोण कोणाला बाटवतो, कोणाचा टक्का वाढतो. (2011 च्या जनगणनेत मध्य प्रदेशात ख्रिस्ती 0.29 टक्के होते. टक्क्याची चिंता करणाऱ्यांनी एवढा आकडा जवळ ठेवायला हरकत नाही.) मला त्या चर्चेत शिरायचं नाही. मला कायद्याच्या पोटातल्या एका गृहीतकाबद्दल बोलायचं आहे. श्रद्धा ही माणसाने केलेली निवड असते, आणि ती निवड मोकळ्या मनाने झाली की नाही हे तिसऱ्या माणसाला तपासता येतं, असं हे गृहीतक आहे. ज्या धर्माकडे बोट दाखवून असे कायदे होतात, त्याच धर्माच्या घरात या गृहीतकावर सोळाशे वर्षं भांडण चालू आहे, हे मोती तबेल्यात बहुधा कुणाच्या गावीही नसेल.

भांडणाची सुरुवात एका प्रार्थनेपासून झाली. ‘तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचं बळ तूच दे, आणि मग हवी ती आज्ञा कर,’ अशा अर्थाची ओळ संत ऑगस्टिनने आपल्या आत्मकथनात लिहिली. रोममध्ये राहणारा पेलागियस नावाचा तपस्वी ती ऐकून भडकला. देवाने आज्ञा केली म्हणजे ती पाळण्याची ताकद माणसात आहेच. नाहीतर आज्ञेला अर्थ काय आणि शिक्षेला न्याय काय? प्रश्न बिनतोड वाटतो. आपल्या कुठल्याही कीर्तनकाराने, शाळामास्तराने आणि न्यायाधीशाने तो असाच विचारला असता. ऑगस्टिनचं उत्तर होतं की माणसाची इच्छाच आजारी आहे. ती आपल्याला हवं तेच निवडते, पण काय हवं वाटावं हे तिच्या हातात नाही. देवाकडे वळण्याची इच्छासुद्धा देवानेच घातलेली असते. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसचं मत फेटाळलं. पण फेटाळलेलं मत मेलं असं कधी होतं का?

अकराशे वर्षांनी तेच भांडण नव्या नावांनी उभं राहिलं. 1524 मध्ये इरॅस्मस या डच पंडिताने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिलं. 1525 मध्ये जर्मन धर्मसुधारक लूथरने त्याला उत्तर देऊन माणसाची इच्छा बांधलेली आहे असं बजावलं. तारण, म्हणजे उद्धार, केवळ विश्वासाने, हे लूथरचं सूत्र आपल्याला ऐकून माहीत असतं, आणि आपण त्याचा नेमका उलटा अर्थ लावतो. इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात कुठल्याही मराठी घरात हा विषय काढा, एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘त्यांचं बरं असतं, नुसता विश्वास ठेवला की झालं. आम्हाला इथे जन्मोजन्मीचे हिशेब.’ म्हणजे विश्वास ही एक स्वस्तातली क्रिया, व्रतवैकल्यांना पर्याय. लूथरला हे ऐकवलं असतं तर त्याने डोक्याला हात लावला असता. विश्वास हे माझं कर्तृत्व ठरलं, तर तेही एक कर्मच झालं आणि तारण पुन्हा माझ्या खात्यावर जमा झालं. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, आणि तेही तुमच्या हातून झालेलं नाही, ते देवाचं दान आहे. पुढे याकोबाचं पत्र आहे, त्यात कृतीवाचून विश्वास मेलेला आहे असं साफ लिहिलंय. दोन्ही एकाच नव्या करारात. त्यातून बाहेर पडायचं म्हणून 1547 मध्ये त्रेंत इथल्या कॅथलिक धर्मसभेने कृपा आधी येते, पण माणसाने तिला होकार द्यावा लागतो, तो नाकारताही येतो, अशी मांडणी केली. 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि लूथरपंथीयांनी या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. साडेचारशे वर्षांनी. तेही सगळे मतभेद मिटले म्हणून नाही, तर उरलेल्यांसाठी एकमेकांना शाप द्यायची गरज नाही एवढं कबूल करून.

यात सगळ्यांत टोकाला गेला तो लूथरनंतरच्या पिढीतला धर्मसुधारक कॅल्विन. कोण तरणार हे देवाने जग निर्माण करण्याआधीच ठरवलेलं आहे. त्याच्या परंपरेतल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात, 1640 च्या दशकात, असंही लिहिलं गेलं की निवडलेल्यांची संख्या इतकी निश्चित आहे की ती वाढत नाही आणि कमीही होत नाही. आता हे दूर लंडनमधलं प्रकरण आहे असं समजू नका. 1877 पासून इंदुरात जे कॅनडाचे मिशनरी आले ते प्रेस्बिटेरियन होते, म्हणजे याच विश्वासपत्राचे वारसदार. तुकोजीराव होळकरांच्या दरबाराशी त्यांचा खटका उडाला, पण ते टिकले. त्यांच्यातल्या जॉन विल्की यांनी 1887 मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज काढलं. आपल्यातले कितीतरी जण तिथे शिकले. कॅल्विन हे नाव मात्र तिथून बाहेर पडताना कुणाच्या वहीत नसावं.

मग प्रश्न येतो तो येतोच. संख्या ठरलेलीच असेल, तर साता समुद्रापलीकडून इंदूरच्या उन्हात प्रचाराला यायचं कशासाठी? विल्यम कॅरीलाही हा प्रश्न लागू होता. सेरामपूरला बसून मराठी व्याकरण छापणारा (1805), मराठीत नवा करार आणणारा हा माणूस कॅल्विनच्याच परंपरेतला बॅप्टिस्ट. उत्तर असं दिलं जातं की देवाने शेवट नेमला तशी वाटही नेमली, आणि प्रचार ही ती वाट. मला हे उत्तर तर्काने पटतं, मनाने पटत नाही. पण ते असो.

इथे आपल्यातला जाणकार म्हणतो, हे तर आपलं प्रारब्ध. नाही. प्रारब्ध हे माझ्याच जुन्या कर्माचं फळ आहे. हिशेब कितीही जुना असला तरी सही माझी आहे. कॅल्विनच्या देवाची निवड कुठल्याच कर्मावर अवलंबून नाही, मागच्याही नाही आणि पुढच्याही नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल याकोब आणि एसाव या जुळ्यांचं उदाहरण देतो : दोघं जन्मायच्या आधी, बरं-वाईट काही करायच्या आधीच एकाची निवड झाली. कर्मसिद्धान्तावर वाढलेल्या मनाला हा उघड अन्याय वाटतो. त्या मनाने एकटं वाटून घेऊ नये. हॉलंडमध्ये आर्मिनियसलाही तो अन्यायच वाटला, आणि पुढे इंग्लंडात मेथडिस्ट पंथाचा संस्थापक वेस्लीला, ज्याने 1739 मध्ये याविरुद्ध कडक प्रवचन देऊन आपल्या मित्राशी, व्हाइटफील्डशी, वैर ओढवून घेतलं. गंमत अशी की 29 नोव्हेंबर 1970 ला उत्तर भारतातल्या चर्चचं एकीकरण झालं तेव्हा प्रेस्बिटेरियन परंपरा आणि ब्रिटिश मेथडिस्ट परंपरा एकाच छपराखाली आल्या. म्हणजे कॅल्विनचे आणि वेस्लीचे वारस आज एकाच बाकावर बसून एकच गीत म्हणतात, आणि कृपा कुणाला व का मिळते यावर त्यांच्या पूर्वजांची मतं एकमेकांच्या विरुद्ध होती हे उपासनेत कुणी विचारत नाही. हे मला शहाणपणाचं वाटतं.

आपल्याकडे याला जवळचं काही असेल तर ते रामानुजांच्या परंपरेतलं वडकलै आणि तेंकलै या दोन वैष्णव शाखांचं भांडण. माकडाचं पिल्लू आईला स्वतः धरून ठेवतं, मांजरीच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. जीव यांपैकी कोणता? तेंकलै म्हणतात मांजरीचं पिल्लू. कॅल्विनला हे वाचायला मिळालं असतं तर त्याने श्रीरंगमला पत्र पाठवलं असतं. आणि एवढं दक्षिणेत तरी कशाला जायचं? पंढरीला जाऊन आलेला माणूस सांगतो, ‘बोलावणं आलं म्हणून गेलो.’ वैष्णोदेवीला निघालेलं इंदुरी कुटुंब सांगतं, ‘बुलावा आया है.’ तिकीट त्यांनीच काढलं, रजा त्यांनीच टाकली, भांडून खालचा बर्थही त्यांनीच मिळवला. तरी ते म्हणतात, आम्ही गेलो नाही, आम्हाला नेलं. हे खोटं आहे का? ज्याला भक्तीचा थोडाफार अनुभव आहे तो सांगेल की यापेक्षा खरं वाक्य दुसरं नाही. त्याच्याकडून ‘मी माझ्या इच्छेने निघालो आहे’ असं प्रतिज्ञापत्र मागितलं, तर तो सही करेल, पण सही करताना त्याला वाटेल की मुख्य गोष्ट लिहायची राहिली.

नारायण वामन टिळकांचं उदाहरण घेऊ. 1893 मध्ये ते रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. गाडीतल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला आणि भाकीत केलं की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. राजनांदगाव 2000 सालापर्यंत मध्य प्रदेशात होतं, तेव्हा आजच्या कायद्याचा चष्मा लावून पाहायला हरकत नाही. त्या सहप्रवाशाने काय केलं? भेट दिली, म्हणजे वस्तू दिली. भविष्य सांगितलं, म्हणजे मनावर दडपण आणलं. आणि टिळकांनी काय निवडलं? गाडीत वाचायला मिळालेलं एक पुस्तक त्यांनी मागितलेलं नव्हतं. फायदा तर दूरच, घर मोडलं. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला तो आपल्या वाटेने, आपल्या वेळी. यातलं ‘स्वेच्छेने’ कुठे सुरू झालं आणि ‘नेलं गेलं’ कुठे संपलं, हे टिळकांनाही सांगता आलं नसतं.

पंडिता रमाबाईंचं तर याहून अवघड. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात, वाँटेजला झाला. पुढे त्यांनीच लिहिलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. केवळ विश्वासाने तारण म्हणजे काय हे त्यांना कळलं ते सुमारे आठ वर्षांनी. मधल्या काळात त्या ख्रिस्ती होत्या की नव्हत्या? साठ दिवस मोजायचे ते कोणत्या तारखेपासून मागे? आणि ही बाई दबावाला भुलणारी नव्हती. वाँटेजच्या भगिनींनी सांगितलेलं मत ती मुकाट्याने मान्य करत नाही म्हणून तिथे पत्रांतून जो वाद झाला, त्यात तिने स्पष्ट कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जू नुकतंच मोठ्या कष्टाने फेकून आले आहे, दुसरं मानेवर घ्यायला तयार नाही. तिच्या स्वेच्छेबद्दल शंका घेण्याची कुणाची छाती होती? तरीही ती शेवटी म्हणते की मला मिळालं ते दान होतं.

कायद्याचा समर्थक इथे म्हणेल, हे सगळं पंडितांचं झालं. कायदा गरिबांसाठी आहे. या मुद्द्याला वजन आहे. 1896-97 च्या दुष्काळात आणि पाठोपाठ 1899-1900 च्या छप्पन्याच्या दुष्काळात मिशनांनी हजारो अनाथ मुलं उचलली, वाचवली आणि ख्रिस्ती म्हणून वाढवली. मध्य प्रांतातून मुली पुण्याकडे नेणाऱ्यांत रमाबाईही होत्या. सहा वर्षांच्या उपाशी पोराच्या स्वेच्छेची गोष्ट करणं हा पोरकटपणा आहे. त्याला भाकरी देणाऱ्याचा धर्म त्याला मिळाला. मेलं असतं त्यापेक्षा बरं, हे खरं. पण तो व्यवहार समान माणसांमधला नव्हता, हेही खरं. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीच्या 1956 च्या अहवालाचं बाकी काहीही म्हणा, भूक आणि कर्ज यांच्या सावलीत झालेलं मतपरिवर्तन तपासून घ्यावं ही शंका हवेतून आलेली नव्हती.

पण मग तपासायचं काय? इथे मला कॅल्विनच उपयोगी पडतो, हे थोडं विचित्र आहे. अपरिहार्यता वेगळी आणि जबरदस्ती वेगळी, असं तो निक्षून सांगतो. इच्छा आतून वळलेली असेल तर माणूस तसंच वागणार, ते टळणार नाही; पण बाहेरून कुणी त्याला ढकललेलं नाही. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात तर असं आहे की देव ज्यांना बोलावतो ते पूर्ण मोकळेपणाने येतात, कारण कृपेनेच त्यांना राजी केलेलं असतं. हे वाक्य वाचून कलेक्टरसाहेबांनी काय शेरा मारावा? अर्जदार राजी आहे, पण राजी केलेला आहे! आतलं वळण तपासण्याचं कुठलंही यंत्र सरकारकडे नाही. आणि ते धर्मशास्त्राकडेही नव्हतं. बाहेरचं ढकलणं मात्र तपासता येतं. पैसे कुणी दिले, धमकी कुणी दिली, कागदावर खोटं कुणी लिहिलं, अल्पवयीन मूल कुणी नेलं. हे गुन्हे आहेत, ते घडल्यावर आणि ज्याच्यावर घडले त्याच्या तक्रारीवर त्यांचा तपास व्हावा, जबर शिक्षा व्हावी. सज्ञान माणसाकडून आगाऊ प्रमाणपत्र घेऊन त्याच्या इच्छेचा मोकळेपणा ठरवणं हे वेगळंच काम आहे. ते करायला रोममध्ये एक समिती बसली होती. कृपा आणि इच्छास्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालायचा यावर डोमिनिकन आणि जेझुइट हे दोन कॅथलिक संघ एकमेकांच्या उरावर बसले होते. 1598 च्या सुमाराला सुरू झालेलं ते काम 1607 मध्ये पोप पाचव्या पॉलने निकाल न देता थांबवलं आणि दोन्ही बाजूंना बजावलं की एकमेकांना पाखंडी म्हणू नका. सुमारे नऊ वर्षं, ख्रिस्ती जगातले सगळ्यांत तरबेज पंडित, आणि निकाल नाही. आपल्याकडे साठ दिवस.

आणि सरकारने निकाल दिला की काय होतं, तेही पाहून झालेलं आहे. 1618-19 मध्ये डॉर्ट इथे धर्मसभा भरली ती डच सरकारच्या आश्रयाने. आर्मिनियसच्या अनुयायांचं मत चुकीचं ठरलं, त्यांच्या पाळकांच्या नोकऱ्या गेल्या, अनेकांना देश सोडावा लागला. त्यांचा पाठीराखा असलेला मुत्सद्दी ओल्डनबार्नेफेल्ट याचं डोकं सभा संपत आली असताना, मे 1619 मध्ये, हेगला उडवलं गेलं; वय 71. आरोप राजद्रोहाचा होता, ते तसंच असतं. खुद्द ऑगस्टिनची गोष्ट तर आणखी बोचते. श्रद्धा हे देवाचं दान आहे असं शिकवणाऱ्या याच माणसाने फुटीर डोनाटस-पंथीयांना रोमन सत्तेचा बडगा दाखवून चर्चमध्ये आणायला पाठिंबा दिला, आणि ‘त्यांना आत येण्यास भाग पाड’ या शुभवर्तमानातल्या शब्दांचा आधार घेतला. मन फक्त देव वळवतो म्हणणाऱ्यालाही शेवटी शिपाई लागला. पुढची हजार वर्षं युरोपात हा दाखला वापरला गेला. दंडुका हाती असलेल्या माणसाला श्रद्धेच्या दारावर उभं केलं की तो माणसं आत ढकलतो किंवा आतून बाहेर येऊ देत नाही. दोन्ही कामांना कारण तो तेच सांगतो, की हे तुमच्याच आत्म्याच्या भल्यासाठी.

मिशनऱ्यांची बाजू घेतोय असं वाटत असेल तर थांबा. अमेरिकेत चार्ल्स फिनी नावाच्या प्रचारकाने 1835 मध्ये असं मांडलं की धर्मजागृती हा काही चमत्कार नाही, योग्य साधनं नीट वापरली की ती घडते. लोकांना पुढच्या बाकावर बोलवा, तिथल्या तिथे निर्णय घ्यायला लावा. त्यातूनच पुढे ‘निर्णय’ मोजण्याची पद्धत आली : आज सभेत इतके उठले, इतक्यांनी हात वर केले. अहवालात छापायला आकडा बरा पडतो, देणगीदारालाही कळतो. हा मोजणारा आणि नोटीस मागणारा अधिकारी, दोघंही एकाच मताचे आहेत. धर्मांतर म्हणजे अमुक तारखेला इच्छेने घडलेली, साक्षीदारांसमोर नोंदवता येणारी घटना, असं दोघांनाही वाटतं. दोघंही पेलागियसचे चेले, आणि दोघांनाही त्याचं नाव माहीत नाही.

कायद्यातल्या प्रलोभनाच्या व्याख्येत नोकरी, चांगलं राहणीमान, धर्मसंस्थेच्या नामांकित शाळेतलं शिक्षण यांच्या जोडीला दैवी प्रसन्नतेचं आश्वासनही बसवलेलं आहे. राज्याच्या 1968 च्या जुन्या कायद्यात बळजबरीच्या व्याख्येत दैवी अवकृपेची धमकी होती. म्हणजे स्वर्ग दाखवला तर प्रलोभन आणि नरक दाखवला तर बळजबरी. मग प्रवचनकाराने बोलायचं तरी काय, हवामानावर? हाच नियम सत्यनारायणाच्या पोथीला लावून पाहा. साधुवाण्याची बुडालेली नाव आठवा. प्रसाद न घेता गेलेल्या कलावतीवर काय ओढवलं ते आठवा. ती अवकृपेची धमकी नाही तर काय आहे? अर्थात पोथी ऐकून कुणी धर्म बदलत नाही, म्हणून ती सुटते.

आणि तिथेच या कायद्याचं स्वतःचं धर्मशास्त्र उघडं पडतं. त्यात म्हटलं आहे की पैतृक धर्मात परत येणं हे धर्मांतर धरलं जाणार नाही. पैतृक धर्म म्हणजे कोणता? तर तुम्ही जन्मलात त्या वेळी तुमच्या वडिलांचा जो होता तो. आईचा नव्हे. पुढे तुम्ही काय मानलं, किती वर्षं मानलं, कशासाठी मानलं, याचा काही संबंध नाही. त्या दिशेने जाताना साठ दिवस नकोत, स्वेच्छेचं निवेदन नको, कुणी पैसे दिले का याची चौकशी नको. बरं-वाईट काही करायच्या आधी, जन्माच्या घटकेला, एकदाच आणि कायमचं ठरून गेलेलं. याकोब आणि एसावाच्या गोष्टीत निदान ठरवणारा देव होता.